घंगाळ, मापटें आणि अडकित्ता

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

आमच्या मारुंजीच्या जुन्या घरांत न्हाणीच्या कोपऱ्यांत एक तांब्याचें घंगाळ होतें. माझ्या आजीच्या लग्नांत तें तिच्या माहेरून आलें, असें घरांत सांगत. त्याच्या दोन बाजूंस पितळेच्या कड्या होत्या, कांठ बाहेरच्या अंगास वळलेला होता, आणि पोटावर वरपासून खालपर्यंत हातोडीच्या ठोक्यांच्या बारीक बारीक खळ्या एकीला एक लागून उमटलेल्या होत्या. दिवाळीच्या पहांटे चुलीवरचें कढत पाणी त्यांत ओतलें, आणि जवळच्या कोनाड्यांतील पणतीचा उजेड त्यावर पडला, म्हणजे त्या शेंकडों खळ्यांतून शेंकडों पणत्या हलूं लागत. लहानपणीं मला त्या पणत्या मोजण्याचा नाद होता. अंगाला उटणें लावून घेण्यास मी जो मुकाट्यानें बसें, तो त्या नादामुळेंच. पुढें घरांत नळ आला, पाणी तापविण्याचें विजेचें यंत्र आलें, प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या, आणि घंगाळ माळ्यावर गेलें. सुमारें तीस वर्षांपूर्वीं, घरांत पैशाची निकड होती तेव्हां, मीं तें मोडीच्या भावानें वजनावर विकलें. तराजूंत टाकण्यापूर्वीं घेणाऱ्यानें त्याच्या कड्या हातोडीनें तोडून वेगळ्या काढल्या; कारण पितळेचा भाव निराळा आणि तांब्याचा निराळा.

गेल्या वर्षीं एका लग्नाच्या निमित्तानें आमच्याच भागांतील एका मोठ्या हॉटेलांत जाण्याचा योग आला. दर्शनी दालनांत संगमरवरी चौथऱ्यावर तसेंच एक घंगाळ मांडलेलें होतें. त्यांत पाणी भरून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या होत्या आणि वरून दिव्याचा झोत पाडला होता. येणारे-जाणारे थबकत होते, त्याच्यापाशीं उभे राहून छायाचित्रें काढीत होते. मीही थबकलों. मनांत आलें, न्हाणींत होतें तेव्हां ह्याला आम्ही भांडें म्हणत होतों, मोडींत गेलें तेव्हां ह्याला धातु म्हटलें, आणि येथें चौथऱ्यावर चढलें तेव्हां लोक ह्याला कलावस्तु म्हणतात. मग हें खरोखर आहे तरी काय?

मी आयुष्यभर प्राथमिक शाळेंतील मुलांना शिकविलें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलें नाहीं. सौंदर्यशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु हा प्रश्न पाठीस लागला, आणि त्याच्या मागें जातां जातां जें कांहीं हातीं आलें, तें आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

प्रारंभ फार जुन्या काळांतला, तरी आमच्याच जिल्ह्यांतला आहे. शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव म्हणून गांव आहे. तेथें पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें आणि सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडांत आणली. ह्या लोकांच्या मातीच्या भांड्यांना 'जोर्वे भांडीं' असें म्हणतात; संगमनेरजवळच्या जोर्वे गांवीं १९५०-५१ सालीं झालेल्या उत्खननावरून तें नांव पडलें. तांबूस अंगावर काळ्या रंगाच्या रेघा, त्रिकोण, जाळीं, तिरकस पट्टे. आणि भाजणी इतकी पक्की, कीं टिचकी मारली असतां धातूसारखा नाद यावा. त्यांतलें तोटीचें भांडें तर पाहण्यासारखें असतें. पोट फुगीर, खांद्यापाशीं धारदार वळण, आणि त्यावर निराळी घडवून चिकटविलेली तोटी. ज्यांच्या झोंपड्यांच्या भिंती कुडामातीच्या, ज्यांच्या हातीं लोखंडाचा फाळ अजून आलेला नव्हता, जव पिकवून जे पोट भरीत, त्यांच्या घरांतील हीं भांडीं!

आतां पाहा, काळी रेघ मारल्यानें पाणी कांहीं अधिक गार होत नाहीं, कीं धान्याला कीड लागावयाची राहत नाहीं. ती रेघ मारण्यांत कुंभाराचा वेळ जाई, रंग जाई, आणि भांडें तर एक दिवस फुटावयाचेंच. तरीही रेघ मारलेली आहे, आणि ती ओबडधोबड नाहीं. चाकावर भांडें फिरत असतांना कुंचल्याचें टोंक स्थिर धरावें लागतें, तें धरलेलें आहे. माझ्या मतें आमच्या कलेच्या इतिहासाचें पहिलें पान वेरूळ-अजिंठ्याच्या कितीतरी आधीं, अशा एखाद्या कुंभाराच्या आव्यापाशीं उघडतें. शाळेच्या पुस्तकांत मात्र तें तसें उघडलेलें मीं कधीं पाहिलें नाहीं, आणि मीं स्वतः शिकवितांनाही तें उघडलें नाहीं, हेंही कबूल केलें पाहिजे.

घंगाळावरच्या खळ्यांची गोष्ट ह्याहून निराळी आहे, आणि ती मला पुष्कळ उशीरा समजली. पुण्यांत कसबा पेठेंत तांबट आळी आहे. हे तांबट मूळचे कोंकणांतले; पेशवाईंत पुण्याची भरभराट झाली तेव्हां ते तेथें येऊन स्थिरावले. तोफा-दारूगोळ्याच्या काळांत धातूच्या कारागिरांस काम भरपूर होतें. राज्य गेल्यावर घरोघरच्या भांड्यांनीं त्यांना जगविलें. घंगाळ, बंब, हंडा, कळशी, परात, सारें तेथें घडे. एकदां मुद्दाम जाऊन मीं तें काम पाहिलें. पत्रा कापून, ठोकून त्याला खोलगट आकार देतात. ठोकून ठोकून तांबें ताठर होतें, पुढें वळेना होतें. तेव्हां तें भट्टींत तापवितात, म्हणजे तें पुन्हां मऊ पडतें. पुन्हां ठोकणें, पुन्हां तापविणें. असें होतां होतां घाट साधला, म्हणजे भांडें आंबट पाण्यानें स्वच्छ करून चकचकीत तोंडाच्या हातोडीनें त्यावर शेवटचे ठोके मारतात. ह्या शेवटच्या कामाला 'मठार' म्हणतात.

मला तोंवर वाटे, कीं ह्या खळ्या म्हणजे नक्षी. ती नक्षी नव्हे, निदान मुळांत नव्हे. तापवून मऊ पडलेल्या तांब्याला ह्या ठोक्यांनीं पुन्हां कठिणपणा येतो. मठारलेलें घंगाळ भरल्या पाण्यासकट दोन माणसांनीं उचललें तरी वांकत नाहीं. प्रत्येक ठोका मागच्या ठोक्याच्या कडेलाच पडला पाहिजे आणि त्याच जोरानें पडला पाहिजे. एक जोराचा पडला तर खड्डा दिसतो, एक हलका पडला तर ओळ तुटते. म्हणजे लहानपणीं ज्या पणत्या मी मोजीत होतों, त्या त्या भांड्याच्या बळाच्या खुणा होत्या. इनामगांवच्या कुंभारानें घाट पुरा करून त्यावर शोभा चढविली. तांबटाच्या हातीं बळ आणि शोभा एकाच ठोक्यांतून निघाली. ह्या ठोक्यांचा नाद आमच्या लोकांच्या कानांत किती मुरलेला होता पाहा: उन्हाळ्यांत झाडावर बसून एका लयींत 'टुक टुक' करणाऱ्या त्या हिरव्या पांखराला आपण तांबटच म्हणतों.

१८८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत पुणें जिल्ह्याचे जे भाग आहेत, त्यांत ह्या धंद्याचें वर्णन आढळतें. त्याच सुमारास सरकारी दृष्टि आमच्या भांड्याकुंड्यांकडे वळली होती. मुंबईंत भायखळ्यास १८७२ सालीं जें वस्तुसंग्रहालय उघडलें, त्याच्या उभारणींत डॉ. भाऊ दाजी लाड यांचा मोठा वाटा होता, आणि १९७५ पासून तें त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. त्याच कामांतले दुसरे प्रमुख गृहस्थ जॉर्ज बर्डवुड. यांनीं १८८० सालीं हिंदी कारागिरीवर एक मोठा ग्रंथ लिहिला. पुण्यांतही १८९० सालीं औद्योगिक वस्तुसंग्रहालय निघालें. पुढें त्याला लॉर्ड रे यांचें नांव मिळालें, आणि तें आज महात्मा फुले वस्तुसंग्रहालय म्हणून आहे. ह्या मंडळींचे उपकार आहेतच. परंतु 'औद्योगिक' ह्या शब्दांतच त्यांची दृष्टि दिसून येते. हंडा, कळशी, पितळी डबा हे त्यांच्या लेखीं मालाचे नमुने होते. कोणत्या जिल्ह्यांत काय पिकतें आणि काय घडतें, ह्याची ती यादी होती. बर्डवुडसाहेबांस आमच्या कारागिराचें मनापासून कौतुक होतें, परंतु शिल्पाचें श्रेष्ठ स्थान आम्हांस देण्यास ते तयार नव्हते. भांडें सुंदर, पण तें कलेच्या ओसरीवर; आंत प्रवेश नाहीं.

आमच्याकडील विद्वानांनींही ह्या वस्तूंकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. त्र्यंबक नारायण आत्रे यांचें 'गांवगाडा' १९१५ सालीं निघालें, त्यांत बलुतेदार कुंभार, सुतार, लोहार यांचें जिवंत चित्र आहे; नारायण गोविंद चापेकर यांनीं १९३३ सालीं बदलापूरवर पुस्तक लिहून एका गांवाचा संसार बारकाईनें टिपून ठेवला. हीं दोन्हीं पुस्तकें मोठीं मोलाचीं. परंतु कुंभार किती मडकीं देतो आणि त्याला किती धान्य मिळतें, हें सांगणें निराळें, आणि मडकें हातांत घेऊन त्याकडे पाहत बसणें निराळें.

तसें पाहत बसणारा माणूस पुण्यांत निघाला. दिनकर गंगाधर केळकर हे त्यांचें नांव; १८९६ सालचा त्यांचा जन्म. 'अज्ञातवासी' ह्या नांवानें ते कविता लिहीत आणि चष्म्याच्या दुकानावर प्रपंच चालवीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तु जमविण्याचा छंद लागला. सरदार-दरकदारांचे वाडे तेव्हां मोडकळीस आले होते. माळ्यांवरच्या वस्तु जुन्या बाजारांत येऊन पडत होत्या. ज्यांना हौस होती ते तलवारी घेत, चांदीचीं भांडीं घेत. केळकरांनीं त्यांच्या बरोबरीनें दौती घेतल्या, फण्या घेतल्या, कुंकवाचे करंडे घेतले, कुलपें, दिवे, शेवयांचे साचे, खेळण्याच्या बाहुल्या, दारांच्या चौकटी घेतल्या. ह्या नादांत घरचा पैसा किती गेला असेल, ह्याची कल्पना करणें संसारी माणसाला अवघड नाहीं. त्यांच्या पत्नी कमलाबाई ह्या कामांत त्यांच्या पाठीशीं उभ्या राहिल्या, हें विशेष. त्यांचा मुलगा राजा सातव्या वर्षीं गेला. पुढें संग्रहाला त्यांनीं त्याचेंच नांव दिलें. बाजीराव रस्त्यावरील त्या वास्तूंत आपण शिरतों तेव्हां दारावर जें नांव वाचतों, तें कोणा संस्थानिकाचें नव्हे, ज्याला स्वतःला दौत-लेखणी पुरती धरतां आली नसेल अशा एका मुलाचें आहे.

१९७५ सालीं केळकरांनीं तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९९० सालीं, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन, ते वारले. आज त्या संग्रहांत वीस हजारांहून अधिक वस्तु आहेत आणि त्यांपैकीं सुमारें अडीच हजारच मांडतां येतात. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून तो महालही त्यांनीं तेथें पुन्हां उभा केला. पाहुण्यांना लोक प्रथम तो महाल दाखवितात. मी मात्र ज्याला त्याला अडकित्त्यांपाशीं नेतों.

अडकित्ता म्हणजे काय, तर एका खिळ्यावर फिरणाऱ्या दोन भुजा, त्यांतल्या एकीला पातें. काम एवढेंच, कीं सुपारी कातरावी. पण सुपारी भारी कठीण, आणि बोटें तर नाजूक. म्हणून खिळा कोठें बसवावयाचा, भुजा किती लांब ठेवावयाच्या, मूठ किती जड करावयाची, ह्याचा हिशेब आलाच. हा हिशेब पुरा करून कारागीर थांबला नाहीं. त्या कपाटांत पाहा: एका अडकित्त्याच्या भुजा म्हणजे घोडा, दुसऱ्याच्या म्हणजे मोर, तिसऱ्यावर एकमेकांसमोर उभें असलेलें स्त्रीपुरुषांचें युगुल. कांहींना बारीक घुंगरें लावलेलीं आहेत. सुपारी कातरली जाई तसतशी तीं वाजत असावींत. जेवणें आटोपून पानाचें तबक मध्यें आलें आहे, बोलणें सावकाश चाललें आहे, आणि कातरणाऱ्याच्या मुठींतला मोर मान हलवीत आहे, हें चित्र मला त्या कपाटासमोर उभें राहिलें म्हणजे दिसतें.

त्याहीपेक्षां मला नवल वाटतें तें वज्रीचें. ज्यांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांच्याकरितां सांगतों: टांचेचा मळ घासून काढण्याची ही वस्तु. हिचा तळ खरखरीत असतो. शरीराच्या सगळ्यांत खालच्या भागासाठीं, न्हाणीच्या ओल्या अंधारांत, घरच्याच माणसाशिवाय कोणाच्या दृष्टीस न पडणारी ही वस्तु. तिच्या पाठीवर हत्ती बसविलेला आहे, पक्ष्यांची जोडी बसविलेली आहे! हातांत धरावयास कांहीं उंचवटा हवाच होता, हें खरें. पण उंचवटा म्हणून नुसता गोळाही चालला असता. तेथें पक्षी बसवावा असें ज्याला वाटलें, त्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं. त्या साऱ्या दालनांत वस्तूंचीं नांवें आहेत, प्रदेश आहेत, शतकें आहेत. घडविणाऱ्याचें नांव शोधूं गेलें तर सहसा मिळत नाहीं. दिव्यांवर केळकरांनीं स्वतः पुस्तक लिहिलें, तें १९६१ सालीं भारत सरकारच्या प्रकाशन विभागानें छापलें. त्यांतही दिवे आहेत, ओतारी नाहीं. दोष केळकरांचा नव्हे. आमच्या समाजानें तीं नांवें कधीं लिहूनच ठेवलीं नव्हतीं.

हा विचार एकट्या पुण्यांत चालला होता असें नाहीं. जपानांत सोएत्सु यानागी ह्या गृहस्थांनीं १९२५ सालीं आपल्या मित्रांसह सामान्य जनांच्या कारागिरीला 'मिंगेई' असा नवा शब्द दिला आणि १९३६ सालीं तोकियोस तिच्यासाठीं संग्रहालय उघडलें. केळकर येथें फण्या-दौती गोळा करीत होते आणि यानागी तेथें वाट्या-वाडगे. दोघांनीं एकाच काळांत तेंच केलें. जपानी चहापानाच्या विधींत अत्यंत मौल्यवान मानला गेलेला एक जुना वाडगा क्योतोच्या मठांत जपलेला आहे. तो मुळांत कोरियांतील गरिबांच्या घरचा साधा वाडगा, हें यानागी आवर्जून सांगत.

आमच्या तांब्याचें भाग्य उघडलें तें १९५८ सालीं. चार्ल्स आणि रे ईम्स हें अमेरिकन दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथें आलें. नव्या भारतानें आपल्या वस्तूंची घडण कशी शिकावी, ह्याविषयीं अहवाल द्यावा, असें त्यांना सांगितलें होतें. त्या अहवालांतूनच पुढें १९६१ सालीं अहमदाबादेची राष्ट्रीय डिझाईन संस्था जन्मास आली. देशभर हिंडून पाहिलेल्या साऱ्या वस्तूंत त्यांनीं श्रेष्ठ ठरविला तो लोटा, म्हणजे आपला तांब्या. आणि नुसती वाहवा करून ते थांबले नाहींत. असा तांब्या नव्यानें घडवावयाचा तर काय काय विचारावें लागेल, ह्याची त्यांनीं मोठी यादीच दिली: पाणी किती मावावें, हात कोणाचा, डोक्यावर न्यावयाचा कीं कमरेवर, भरलेला असतांना तोल कोठें, रिकामा असतांना कोठें, धार कशी पडते, आंतून घासतां येतो कीं नाहीं, कशावर आपटला तर आवाज कसा होतो, उन्हांत हाताला कसा लागतो. शेवटीं मोडीची किंमतही त्यांनीं हिशेबांत धरली आहे. हें वाचून मला जरा बरें वाटलें. घंगाळ वजनावर विकणारा मी अगदींच रानटी ठरत नाहीं. मोड हाही त्या वस्तूच्या आयुष्यांतला एक ठरलेला टप्पा होता. जुनें तांबें पुन्हां तांबटाकडे जाई आणि पुन्हां भांडें होऊन येई. फरक इतकाच, कीं माझें घंगाळ बहुधा पुन्हां घंगाळ झालें नसावें.

आतां येथें मला थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे. जुन्या वस्तूंचें कौतुक करणाऱ्या माणसाला पुष्कळ गोष्टी सोयीस्करपणें विसरतां येतात. आमच्या घरीं जातें होतें. दोन तळ्या, मध्यें खुंटा, वरच्या तळीला लांकडी दांडा. टाकी लावणारे वर्षांतून एकदां-दोनदां येत आणि छिनीनें त्या तळ्यांना पुन्हां खरखरीत करून देत. त्या टाक्यांच्या रांगा इतक्या सुबक असत, कीं पाहत राहावें. निवृत्त झाल्यावर एकदां मीं आईपाशीं त्या जात्याची स्तुति आरंभिली. ती नव्वदीला टेकलेली होती. थोडा वेळ ऐकून घेऊन ती म्हणाली, "तुला दळावं लागलं नाहीं, म्हणून गोड वाटतंय." पिठाची गिरणी निघाली त्या दिवशीं तिनें तें जातें परसांत नेऊन पालथें घातलें होतें, आणि त्याचा तिला कधीं पश्चात्ताप झाला नाहीं. पहांटे चारला उठून तिनें जी झोंप मोडली, तिचा हिशेब कोणत्याही संग्रहालयांत मांडलेला नाहीं.

तांब्याविषयींही तेंच. ईम्स दांपत्याच्या यादींत एक प्रश्न नव्हता, आणि परक्या माणसाला तो सुचावाही कसा? हा तांब्या कोणाच्या हातांत द्यावयाचा, आणि कोणाच्या ओंजळींत वरूनच पाणी ओतावयाचें? आमच्या पिढीनें लहानपणीं खेड्यापाड्यांतून दोन्हीं प्रकार पाहिलेले आहेत. धार बारीक आणि सरळ पडते, थेंब सांडत नाहीं, हा त्या घाटाचा गुण. त्या गुणाचा असाही उपयोग आमच्या माणसांनीं केला. तांब्या त्यामुळें कुरूप होत नाहीं. पण तो हातांत घेतला म्हणजे मला हेंही आठवतें, आणि आठवावें असेंच मला वाटतें.

मारुंजी आतां खेडें राहिलेलें नाहीं. शेजारच्या हिंजवडींत संगणकाच्या कंपन्या आल्या, आणि गेल्या पंचवीस वर्षांत मुळशी तालुक्याच्या ह्या टोंकाचें रूप पार पालटलें. जेथें पाभर चाले तेथें वीस-वीस मजले उभे आहेत. जुनीं घरें पडतात तेव्हां माळे रिकामे होतात, आणि भंगाराच्या हातगाडीवर मीं पाभरीचें चाडें पाहिलें आहे. चाडें म्हणजे बी पेरतांना ज्यांत मूठ सोडावयाची तो लांकडी पेला. त्याच्या तळाच्या भोंकांतून नळ्यांवाटे बी जमिनींत जातें. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुठींनीं त्याचा कांठ असा गुळगुळीत झालेला असतो, कीं सुताराच्या रंध्याला तें कधीं साधलें नसतें. तें चाडें मीं हातगाडीवाल्याकडून दहा रुपयांस घेतलें. त्यानें मला वेड्यांत काढलें असावें.

निवृत्तीपूर्वीं एक-दोन वर्षें मीं शाळेंत मुलांना सांगितलें होतें, कीं घरांतली एक अशी वस्तु आणा, जी तुम्हांला पाहावीशी वाटते. गांवच्या मुलांनीं समया आणल्या, अडकित्ते आणले, एकानें आजोबांची चंची आणली. एक मुलगा बांधकामावरच्या मजुरांच्या वस्तींतला होता. आईबाप मराठवाड्यांतून कामाला आलेले. पत्र्याच्या खोलींत जुनें काय असणार? तो खिशांतून ओळंबा घेऊन आला. गवंडी भिंतीची सरळ रेघ पाहण्यास वापरतात तो: दोरी, वर एक छोटी पट्टी, आणि खालीं टोंकाशीं निमुळता होत गेलेला भोंवऱ्यासारखा पितळी तोल. बापाच्या हातांत राहून राहून तो सोन्यासारखा झळकत होता. मुलानें दोरी धरून तो सोडला. तो थोडा हलला, मग स्थिर झाला, आणि सारा वर्ग गप्प झाला. इतक्या वर्षांत माझ्या छडीनेंही वर्ग इतका गप्प बसविला नव्हता. आम्हीं तो टेबलावर मधोमध मांडला. परंतु प्रदर्शन संपेपर्यंत तो ठेवतां आला नाहीं. दुपारच्या सुटींत मुलगा मजजवळ आला आणि म्हणाला, "गुरुजी, तो द्या, बाबांना भिंत धरायची आहे." त्या समोरच्या इमारतींत, तिच्या कोणत्या तरी मजल्यावर, ती भिंत आज उभी असेल.

आमचेंही घर आतां पाडावयाचें ठरलें आहे. मुलगा म्हणतो, नव्या घरांत कांचेचें कपाट करूं आणि बाबांच्या सगळ्या वस्तु त्यांत नीट मांडूं. चाडें आहे, आजोबांचा अडकित्ता आहे, एक लामणदिवा आहे, आणि मापटें आहे. चिपटें, मापटें, शेर, अधोली, पायली अशीं हीं मापें. प्रत्येक माप मागच्याच्या दुप्पट. १९५६ च्या कायद्यानें दशमान पद्धति आली आणि बाजारांतून तीं गेलीं. आमचें मापटें लांकडी आहे, त्याला पितळेच्या दोन पट्ट्या आहेत, आणि तोंडाशीं तें किंचित आवळलेलें आहे. माझा तर्क असा, कीं शीग लावून मोजतांना देणाऱ्याचें किंवा घेणाऱ्याचें फार नुकसान होऊं नये म्हणून.

परवां मुलानें कपाटाचें चित्र काढून आणलें. कोणता कप्पा कशाला, तें तो आईला समजावून सांगूं लागला. चाड्याला तिची हरकत नव्हती, अडकित्त्याला नव्हती. मापट्याचा कप्पा आला तेव्हां ती तांदूळ निवडीत बसली होती. सुपावरून मान वर न करतां ती म्हणाली, "ठेव कीं बाबा, खुशाल ठेव. पण मग उद्यां तांदूळ कशानं मोजूं?"